पत्रेकाका आणि आमचे डबे

कोणाकडे नवी गाडी आली की आमच्या सोसायटीतले लोक पेढे घ्यायला खाली उतरायचे. पत्रेकाका गाडी वाजवायला उतरायचे. हॉर्न नव्हे, गाडी. मधल्या बोटाचं हाड ते बॉनेटवर ठोकायचे, मान तिरकी करून आवाज ऐकायचे आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखे मालकाकडे वळून सांगायचे, "पत्रा पातळ हाय." पेढा मात्र घ्यायचे. एखाद्या वेळी काकूंच्या नावाने दुसराही.

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं आणि दारावर त्याची पितळी पाटीही होती. पण नेरुळच्या आमच्या त्या चार मजली सोसायटीत सगळे त्यांना पत्रेकाकाच म्हणत. लग्नानंतर मी तिथे राहायला आले तेव्हा कितीतरी महिने मला ते त्यांचं आडनावच वाटत होतं. ते मूळचे साताऱ्याकडचे, पावणे एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात खरेदी विभागात साहेब. काकू शिरवण्याच्या शाळेत शिक्षिका. मुलगा पुण्याला नोकरीत. घरात माणसं दोनच, पण काकांच्या बोलण्यात नेहमी तिसरं कोणीतरी असायचं. "ती आज जरा कुरकुरतेय", "तिला धूळ सोसत नाही", "तिला आंघोळ घालतोय". ही ती म्हणजे खाली उभी असलेली गाडी. काकूंबद्दल इतकं सविस्तर बोललेलं मी तरी ऐकलं नाही.

गाडी राखाडी रंगाची, गोलसर नाकाची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली. मुंबईत टॅक्सी म्हणून जी धावायची तीच जात. त्यामुळे दादरला सिग्नलपाशी एकदा एक गृहस्थ बॅग घेऊन सरळ मागच्या सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, "हिंदमाता." काकूंचं म्हणणं असं की काकांनी त्यांना खरोखर हिंदमातापर्यंत सोडलं. कारण दार लावताना ते गृहस्थ म्हणाले होते, "काय दणकट दार आहे हो." काकांना गाडीची स्तुती कोणीही केलेली चालायची. माणूस तेवढ्यावर त्यांच्या मनात कायमचा वर जायचा.

ते दार दणकट होतं याबद्दल वाद नव्हता. ते आतून उघडत नसे, ही वेगळी गोष्ट. आत बसलेल्याने काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरच्या मुठीने दार उघडायचं. काच खाली करायची मूठही एकच शिल्लक होती. ती समोरच्या कप्प्यात ठेवलेली असे आणि ज्याला लागेल त्याच्याकडे हातोहात जाई. "नव्या गाड्यांत लोक कुठंही दार उघडून उतरतात. हितं माणूस चार वेळा विचार करतो," काका म्हणायचे. हँडब्रेक नावापुरता होता, म्हणून डिकीत एक काळा दगड असे. चढावर गाडी थांबली की काकू उतरून तो चाकाला लावायच्या. पायाशी पत्र्याला एक भोक पडलं होतं, त्यातून रस्ता पळताना दिसे. उन्हाळ्यात त्याचा वारा येतो, हा काकांच्या मते फायदा. पावसाळ्याबद्दल ते काही बोलत नसत.

आम्ही गाडी घेतली तेव्हा आमच्यावरही ती वेळ आली. माझ्या नवऱ्याने, सुधीरने, बरेच दिवस वाट पाहून लाल रंगाची छोटी गाडी घेतली. त्या काळात नोकरदारांच्या दारात एकामागून एक उगवणारी, पुठ्ठ्याच्या खोक्याला चाकं लावावीत तशी दिसणारी ती गाडी. सीटवरचं प्लास्टिक आम्ही पुढे दोन वर्षं काढलं नाही. उन्हाळ्यात त्याला चिकटून बसायचो आणि श्रीमंत झाल्यासारखं वाटायचं. काका खाली आले. ठोकलं. ऐकलं.

"सुधीरराव, गाडी छान हाय," ते म्हणाले. "धुणं वाळत घालता तसं गाडीवर कायतरी वजन ठेवत जा. वारा सुटला म्हणजे शोधत फिराल."

सुधीर हसला. वर आल्यावर मात्र म्हणाला, "जळतात म्हातारे."

जळत नव्हते. तेवढी मोठी शंका त्यांना स्वतःबद्दल कधी आलीच नाही. त्याच महिन्यात काकांनी गाडी मागे घेताना ती आमच्या गाडीवर आदळवली. आमचा बंपर मधोमध चिरला, हेडलाइटचा चुरा झाला. त्यांच्या गाडीला ओरखडाही नव्हता. धावत खाली गेलो तर काका वाकून दोन्ही गाड्या बघत होते. चेहऱ्यावर ओशाळलेपण शोधलं, सापडलं ते समाधान. "बघा," ते म्हणाले, "मी काय सांगत होतो." त्यांच्या लेखी हा अपघात नव्हता, प्रयोग होता आणि तो यशस्वी झाला होता. नंतर नवा बंपर त्यांनीच बसवून आणला, पण आणून देताना तो बोटावर तोलून दाखवला. "पापड," म्हणाले.

त्यांचं सगळंच चुकीचं होतं असं मात्र म्हणता येणार नाही. एकदा वाशीहून येताना आमची गाडी हायवेवर बंद पडली. सुधीरने बॉनेट उघडलं आणि दोघं आत बघत राहिलो. सगळं स्वच्छ, बंद आणि परकं होतं. जाणारा एक मेकॅनिक थांबला, त्यानेही आमच्याइतकंच पाहिलं आणि म्हणाला, "ये कंपनी में ले जाना पडेगा." सुधीरने बूथवरून काकांना फोन केला. ते दोर घेऊन आले. आमची गाडी मागे बांधून त्यांनी ती नेरुळपर्यंत ओढत नेली, मेन रोडने, सायकलवाले पुढे जातील इतक्या वेगाने. ओळखीचं दुकान आलं की हॉर्न वाजवायचे आणि दुकानदार बाहेर आला की अंगठा मागे करून आमच्याकडे दाखवायचे. आमच्या लग्नाच्या वरातीला एवढे लोक बघायला उभे राहिले नव्हते. सोसायटीत शिरल्यावर दोर सोडता सोडता ते म्हणाले, "माझी गाडी रोज बंद पडती, पण का पडली ते सांगती."

रोज बंद पडते, हे त्यांनी कबूल केलेलं मी त्या एका दिवशीच ऐकलं. एरवी सकाळी गाडी चालू होत नसे तेव्हा ती "तापतेय" असायची. ती तापेपर्यंत काकू ढकलत. शाळेत जायच्या साडीत, खांद्याला पर्स, हातात वह्यांची पिशवी, पिशवी मागच्या काचेशी ठेवायची आणि दोन्ही हात डिकीवर. आत काका खिडकीतून ओरडायचे, "जोर लाव, मंगल. पोटातून." गाडी धडधडत सुरू झाली की थांबवता येत नसे, कारण थांबवली तर पुन्हा ढकलावी लागे. म्हणून काका तसेच पावण्याला निघून जात आणि काकू पिशवी घेतली असेल तर शाळेत चालत जात. नसेल घेतली, तर वह्या पावण्याला जात.

मी एकदा काकूंना विचारलं, "तुम्ही कधी काही बोलत नाही?"

"मुलाच्या वेळी डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता," काकू म्हणाल्या. "तो आजवर चुकलेला नाही."

काकूंच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न साताऱ्याला होतं. ही भाची चार वर्षं काकूंकडे राहून शिकलेली. काकू तिचं लग्न महिनाभर आधीपासून जगत होत्या. आम्हालाही आग्रहाचं बोलावणं होतं. सुधीर म्हणाला, आमच्या गाडीने सगळे जाऊ. काका दुखावले. "तुमचा डबा खंबाटकी चढणार? चार माणसं घेऊन? आहो, घाटाला गाडी लागती." शेवटी पहाटे त्यांच्याच गाडीतून निघालो. पुण्यापर्यंत गाडी उत्तम गेली. काका वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला नावं ठेवत होते आणि आम्हाला हसू येत होतं. बोर घाट चढल्यावर तर त्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं, जिंकलेल्या पैलवानाने पाहावं तसं.

खंबाटकीत दुसऱ्या वळणाला बॉनेटमधून वाफ आली. रेडिएटरमध्ये पाणी घातलं, थांबलो, पुन्हा निघालो, पुन्हा वाफ. मग गाडी थांबली ती थांबलीच. काकूंनी डिकीतून दगड काढून चाकाला लावला. आम्ही तिघांनी ढकलायला सुरुवात केली. काकूंच्या अंगावर नवी जांभळी पैठणी होती, केसांत गजरा. चढावर ढकलताना त्या मध्ये मध्ये मनगटावरचं घड्याळ बघत होत्या. तेवढ्यात आमच्या लाल गाडीसारखीच एक छोटी गाडी, पांढरी, आत पाच-सहा माणसं कोंबलेली, वरती टपावर ट्रंक, आमच्या शेजारून गुणगुणत चढून गेली. मागच्या काचेतून एका मुलीने आम्हाला हात केला.

"पुढं जाऊन बसणार हाय ती गाडी," काका आतून म्हणाले. "लिहून ठेवा."

ती कुठेही बसली नाही. घाट ढकलत चढून, उतारावर गाडी चालू करून आम्ही कार्यालयात पोचलो तेव्हा अक्षता केव्हाच पडल्या होत्या. मंडपात शेवटची पंगत उठत होती. भाची काकूंना बघून बोहल्यावरून उठली आणि गळ्यात पडून रडली. "मावशी, मी भटजींना दोनदा थांबवलं," ती म्हणाली. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या दोन्ही पंज्यांना काळं लागलं होतं, म्हणून त्या तिला हाताच्या मागच्या बाजूने कुरवाळत होत्या. काका तोवर मांडवाच्या दाराशी पाहुण्यांना सांगत होते की थर्मोस्टॅटचा प्रॉब्लेम होता, गाडीचा नाही.

येताना काकूंनी केसांतला गजरा काढून पर्समध्ये ठेवला. नेरुळला उतरल्यावर माझ्या हाताला धरून म्हणाल्या, "सोमवारी शाळा सुटल्यावर मोकळी आहेस?"

सोमवारी त्यांनी मला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नेलं. दोघींची नावं घातली. मला यायचं आहे का, हे विचारलं नाही, आणि मी खूश होते. आमच्या त्या भागात तेव्हा रस्ते रुंद आणि रिकामे होते. अजून न बांधलेल्या सेक्टरांमधून आम्ही दोघी आळीपाळीने शिकलो. मी बँकेत काम करणारी, सव्वीस वर्षांची, क्लच सोडताना गाडी बंद पाडायचे. काकू पन्नाशीच्या, पहिल्या दिवसापासून गाडी ताब्यात ठेवायच्या. मास्तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही आधी चालवलीय." काकू म्हणाल्या, "नाही हो, मागून पुष्कळ पाहिलीय."

लायसन मिळालं आणि काकूंनी स्वतःच्या पैशांतून गाडी बुक केली. पांढरी, छोटी. काकांना सांगितलं ते गाडी घरी यायच्या आदल्या संध्याकाळी, पोळ्या लाटता लाटता. दुसऱ्या दिवशी सोसायटी खाली जमली. काका आले नाहीत. गॅलरीत उभे होते. काकूंनी स्वतःच हळदकुंकू लावलं, स्वतःच नारळ हातात घेतला, तेव्हा वरून आवाज आला, "लांब फोडा. पोचा पडेल."

लोक हसले. काकूही हसल्या. मग त्यांनी नारळ फोडला आणि पेढ्यांचा पहिला डबा गॅलरीकडे न बघता वॉचमनच्या हातात दिला.

त्यानंतर वर्षभर त्या घरातून दोन गाड्या निघत. आधी काकूंची निघे, सेल्फ मारला की लगेच. काकांची तापत असे. आता ढकलायला कोणी नव्हतं, त्यामुळे त्यांनी वॉचमनला चहा पाजायला सुरुवात केली. कधी सुधीरलाही, "जरा हात लावा हो सुधीरराव" म्हणून गाठायचे. काकूंच्या गाडीत मात्र ते एकदाही बसले नाहीत. बाजारात जायचं असलं तर काकू गाडीने जात आणि काका रिक्षाने. रिक्षाचा पत्रा किती जाड असतो, हे त्यांना विचारायचं धाडस आमच्यापैकी कोणाला झालं नाही.

एका रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, काकूंनी आमची बेल दाबली. "सुधीर, लवकर ये. हे घामाने भिजलेत." आम्ही धावलो. काका सोफ्यावर छाती दाबून बसले होते, चेहरा राखेसारखा. समोर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर सुटे केलेले भाग, हाताला पेट्रोलचा वास. सुधीरने त्यांना उठवायला हात घातला.

"माझी गाडी काढा," काका म्हणाले.

"तुमच्या गाडीचा कार्बोरेटर टीपॉयवर आहे," काकू म्हणाल्या. "चला."

सुधीरने आणि वॉचमनने त्यांना उचलून खाली आणलं. मागच्या सीटवर मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले, सुधीर पुढे. काकूंनी गाडी काढली. वाशीच्या हॉस्पिटलपर्यंत त्यांनी एकदाही अचानक ब्रेक दाबला नाही, एकदाही हॉर्नवर हात ठेवून बसल्या नाहीत. बस, ट्रक, भाजीचे टेम्पो यांच्यामधून त्या अशा जात होत्या की जणू प्रत्येकाने त्यांच्यासाठी तेवढीच जागा मोजून ठेवली होती. मला फक्त त्यांची मान दिसत होती, ताठ, आणि कानामागून घरंगळणारा घाम.

एका स्पीडब्रेकरवरून गाडी गेली. काकांनी डोळे उघडले. "शॉकअप," ते कसंबसं म्हणाले, "कडक हायत."

"बोलू नका," काकू म्हणाल्या. आवाज वर्गात शांतता करताना असतो तसाच होता. आणि त्यांनी पुढचा गिअर टाकला.

वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. काकू व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या आणि गाडीची किल्ली मुठीत धरून बराच वेळ जमिनीकडे बघत राहिल्या. चार दिवसांनी काका उशीला टेकून बसायला लागले, लोक भेटायला येऊ लागले. कोणीतरी म्हणालं, "नशीब, गाडी होती." काका म्हणाले, "हॉस्पिटल जवळ हाय ना. वाशी काय, चालत पण येतं माणूस."

मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला की मी मोसंबी सोलायची थांबवून बाहेर गेले. काकू मात्र खुर्चीवर बसून त्यांचा पायमोजा सरळ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

डॉक्टरांनी गाडी चालवायला आणि ढकलायला बंदी घातली. राखाडी गाडी कार्बोरेटरशिवाय जागेवर उभी राहिली. टायर बसले. आत मांजरीने पिलं घातली. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी जागा अडल्याचा विषय काढला, तेव्हा लोकांनी काकांकडे पाहिलं. भांडण होणार असं सगळ्यांना वाटलं. काका उठून म्हणाले, "मांजर पिलं हलवील तेव्हा मी गाडी हलवीन." आणि तसंच केलं. पिलं गेल्यावर त्यांनी पावण्याहून ओळखीचा मेकॅनिक बोलावला, कार्बोरेटर बसवून घेतला, टायरमध्ये हवा भरली. भंगारवाला न्यायला यायला तयार होता. काकांनी ऐकलं नाही. "ती चालत जाईल," म्हणाले.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात आम्ही दोन गाड्यांनी गेलो. राखाडी गाडी सुधीर चालवत होता, शेजारी काका. मागून काकू आणि मी. बाजारात ट्रकांच्या रांगा, सळयांचे भारे, कापलेल्या पत्र्यांचे ढीग. ज्या माणसाला गाडी द्यायची होती तो तरुण होता, कानाला मोठा मोबाईल. त्याने गाडीभोवती अर्धी फेरी मारली आणि मानेनेच चालेल म्हणून सांगितलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ही गाडी त्यांनी कधी घेतली, कुठे कुठे नेली, हे सांगायची त्यांची तयारी होती. त्याने काहीच विचारलं नाही. किल्ली देताना काका म्हणाले, "सकाळच्याला चोक जरा जास्त वढावा लागतो. आणि लगेच सोडायचा नाही."

"काका," तो फोनवर हात ठेवून म्हणाला, "आता सकाळी हिला कोण चालू करणार?"

काकांनी मान हलवली. अगदी बरोबर आहे, अशी. मग वळून ते काकूंच्या गाडीकडे आले, पुढचं दार उघडलं आणि बसले. स्वतःहून त्या गाडीत बसायची त्यांची ती पहिली वेळ. सुधीर आणि मी मागे बसलो.

काकूंनी हायवेवर गाडी घेतली. एक लांबलचक ट्रेलर पुढे होता, त्याच्यामागे त्या थोडा वेळ शांत राहिल्या आणि जागा मिळाल्याबरोबर अलगद पुढे निघून गेल्या. काका सीटच्या कडेला धरून समोर बघत होते. त्यांना कशालाही नाव ठेवता आलं असतं. डॅशबोर्ड प्लास्टिकचा होता, सीट अरुंद होती, इंजिनाचा आवाज शिलाई मशीनसारखा येत होता. बेलापूर आलं, मागे पडलं.

"मंगल," ते म्हणाले, "गाडीत काय राम नाही."

काकूंनी आरशात पाहिलं.

"चालवणारी चांगली हाय."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर. नेरुळचं वळण आलं. त्या रोज तिथून वळत. गाडी सरळ पुढे गेली. सुधीर काही बोलणार होता, मी त्याचा हात दाबला. काकांनीही वळण जाताना पाहिलं होतं. आयुष्यभर दुसऱ्याला रस्ता सांगत आलेला तो माणूस, खिडकीबाहेर बघत राहिला. सानपाडा गेलं, वाशी गेली. समोर खाडीचा पूल आणि दोन्हीकडे भरतीचं पाणी दिसायला लागलं, तेव्हा कुठे काकू म्हणाल्या, "अगंबाई, आपण कुठे आलो?"

"आता पुलापलीकडं जाऊनच वळता येईल," काका म्हणाले, आणि त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली.